गँबिट रॅपिडमध्ये चालतं, ९० मिनिटांच्या डावात का लुळं पडतं?

रामबाग_ई४ (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न गँबिटचा, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन बदल्यात हल्ला किंवा आघाडी मिळवायची त्या ओपनिंगचा. रेटिंग १५०० च्या आसपास आहे. पांढऱ्याकडून पहिली चाल कायम ई४. सिसिलियनला स्मिथ-मोरा, ई५ ला कधी इव्हान्स, कधी किंग्ज गँबिट, कधी डॅनिश. काळ्याकडून डी४ ला एंगलंड आणि ई४ ला स्टॅफर्ड.

ऑनलाइन पाच मिनिटांच्या डावात (ब्लिट्झ) आणि रविवारच्या १५ मिनिटं + चालीमागे १० सेकंदांच्या रॅपिडमध्ये यातून गुण येतात. पण ९० मिनिटं + ३० सेकंद म्हटलं की चित्र बदलतं. समोरचा शांत बसून विचार करतो, मोहरी साध्या घरांवर आणतो आणि पंधराव्या चालीच्या सुमारास पटावर एकच गोष्ट उरते: आपलं प्यादं कमी.

विचारायचं ते असं. यातलं काय ठेवावं, काय टाकावं? समोरच्यानं प्यादं घेतलंच नाही तर काय करावं? आपल्याकडची जुनी मंडळी देशी पद्धतीनं खेळून आलेली, ती तर फुकटचं प्यादं हातात घेतच नाहीत. आणि तयारी नेमकी कशी करायची? नुसत्या चाली पाठ करून भागत नाही असं दिसतंय.

चालींसाठी ही खूण धरूया: रा (राजा), व (वजीर), ह (हत्ती), उं (उंट), घो (घोडा); नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल. घरं ए ते एच. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, # म्हणजे मात, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग, ! चांगली चाल, ? चूक, ?? घोडचूक, आधी ... असेल तर काळ्याची चाल. कंसातलं अक्षर म्हणजे मोहरं कुठल्या उभ्या रांगेतून आलं ते.

लष्करचा_उंट (ग्वाल्हेर)

रामबागकर, आधी एंगलंड आणि स्टॅफर्ड बाजूला ठेवा. ही दोन्ही सापळ्याची गँबिट आहेत. सापळा चुकला की हातात काहीच राहत नाही, आणि ९० मिनिटांच्या डावात सापळा चुकतोच, कारण समोरच्याकडे प्रत्येक चालीला थांबायला वेळ असतो.

एंगलंड घ्या. १. डी४ ई५ २. डी×ई५ घो सी६ ३. घो एफ३ व ई७ ४. उं एफ४ व बी४+ ५. उं डी२ व×बी२. इथं सगळी मदार ६. उं सी३?? या एका चालीवर. मग ६...उं बी४! ७. व डी२ उं×सी३ ८. व×सी३ व सी१#. ब्लिट्झमध्ये हात आपोआप सी३ कडे जातो, कारण वजिरावर उंट आणावासा वाटतो. पण पांढऱ्यानं ६. घो सी३! केलं की खेळ संपला. ६...उं बी४ ७. ह बी१ व ए३ ८. ह बी३ व ए५ ९. ए३. काळ्याचा वजीर पाच वेळा हललाय, पांढऱ्याची मोहरी बाहेर आलीत आणि काळ्याचा राजा मध्येच आहे. प्यादं परत मिळालं तरी डाव वाईटच.

स्टॅफर्डचंही तसंच. १. ई४ ई५ २. घो एफ३ घो एफ६ ३. घो×ई५ घो सी६ ४. घो×सी६ डी×सी६ ५. डी३ उं सी५. आता ६. उं जी५?? केलं तर ६...घो×ई४! ७. उं×डी८ उं×एफ२+ ८. रा ई२ उं जी४#. मात सुंदर आहे यात शंका नाही. पण ६. उं ई२, मग सी३ आणि डी४, एवढं केलं की काळ्याकडे प्यादं कमी आणि हल्लाही नाही. पांढऱ्यानं फक्त घाईनं कॅसलिंग करायचं नाही, कारण ...एच५ आणि ...घो जी४ हा काळ्याचा एकमेव आधार आहे.

गँबिट निवडताना मी एकच प्रश्न लावतो. समोरच्यानं सर्वांत चांगली चाल केली तरी प्याद्याच्या बदल्यात काय राहतं? उत्तर 'सापळा' असेल तर ते ब्लिट्झपुरतं ठेवा. उत्तर 'उघडी फाइल' (उभी रांग), 'डी५ चं घर', 'समोरच्या वजिराला जागा नाही' असं असेल तर ते मोठ्या डावातही टिकतं. तुमच्या यादीत स्मिथ-मोरा आणि इव्हान्स या दुसऱ्या प्रकारातली आहेत. स्मिथ-मोरावर मांडवीकरांनीच लिहावं, त्यांचा तो घरचा विषय.

मांडवी_६४ (वडोदरा)

लिहितो, पण थोडं लांबेल.

१. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घो×सी३. पांढऱ्यानं एक प्यादं दिलं. मिळालं काय? सी फाइल पूर्ण उघडी, डी फाइल आपल्या बाजूनं उघडी, आणि विकासात आघाडी, म्हणजे मोहरी आधी बाहेर. यातली विकासातली आघाडी दहा-बारा चालींत विरते. फाइल मात्र राहतात. म्हणून हत्ती लवकर त्यांवर आणायचे, नाहीतर तुम्ही म्हणता तसं नुसतं प्यादं कमी उरतं.

मांडणी जवळजवळ ठरलेली: घो एफ३, उं सी४, ०-०, व ई२, ह डी१, उं ई३, दुसरा हत्ती सी१. हत्तींची निवड चुकू देऊ नका. एफ१ चा हत्ती डी१ वर आणि ए१ चा सी१ वर. उलट केलं तर ए१ चा हत्ती डी१ वर जाईल आणि एफ१ चा आतच कोंडला जाईल.

नेहमीची ओळ: ४...घो सी६ ५. घो एफ३ डी६ ६. उं सी४ ई६ ७. ०-० घो एफ६ ८. व ई२ उं ई७ ९. ह डी१. आता ई५ ची धमकी खरी आहे, कारण डी६ चं प्यादं वजिरासमोर अडकलंय. म्हणून काळा बहुतेक ९...ई५ करतो. १०. उं ई३ ०-० ११. ह(ए)सी१. आता पट नीट पाहा. डी५ चं घर काळ्याला प्याद्यानं कधीच राखता येणार नाही. डी६ चं प्यादं मागे राहिलंय. काळ्याच्या वजिराला सी७ वर हत्ती त्रास देतो, डी८ वर दुसरा हत्ती, ए५ वर गेला तर घोडे आणि उंट त्याच्यावर हल्ला करत चाली मिळवतात. प्याद्याची किंमत ही. पांढऱ्यानं इथं हल्ल्याची घाई करू नये. एच३ करून ...उं जी४ बंद करावं, मग बी४ किंवा घो डी५.

काळ्यानं घाईनं ६...घो एफ६ केलं तर ७. ई५! हे हाताशी ठेवा. ७...घो×ई५ ८. घो×ई५ डी×ई५ ९. उं×एफ७+ आणि वजीर गेला. ७...डी×ई५ ८. व×डी८+ घो×डी८ ९. घो बी५, आता सी७ वर काटा (एकाच घोड्याचा दोघांवर हल्ला) आहे. ९...रा डी७ केलं तर १०. घो×ई५+ रा ई८ ११. घो सी७#. काळ्याची खरी चाल ७...घो जी४, ती समोर आली तर डाव चालू राहतो, पण पांढरा बिनधास्त आहे.

काळा ...ई६, ...ए६ आणि ...घो(जी)ई७ अशी मांडणी करतो तेव्हा बरेच जण गडबडतात, कारण ई५ ला अर्थ राहत नाही. तिथं ८. उं जी५! करा. काळ्याला घोडा जी६ वर न्यायचाय, पण वजिरासमोर तो बांधला गेला. ८...एफ६ केलं की ९. उं ई३. एक चाल वाया गेल्यासारखी वाटते, पण एफ६ मुळे ई६ चं प्यादं लुळं पडलं आणि ते हटलं की सी४ च्या उंटाची वाट जी८ पर्यंत मोकळी होते. पुढं घो डी५ चं बलिदान येतं ते याच कारणानं. हे बलिदान करताना एक अट पाळा: काळ्याचा राजा अजून ई८ वर असला पाहिजे आणि ई-फाइलवर तुमचा हत्ती एका चालीत यायला हवा. यातलं एक नसेल तर घोडा देऊ नका.

आता न घेणाऱ्यांचं. स्पर्धेत तयारीचा माणूस समोर आला तर ३...घो एफ६ हीच चाल जास्त भेटेल. ४. ई५ घो डी५ ५. घो एफ३ घो सी६ ६. सी×डी४ डी६ ७. उं सी४ घो बी६ ८. उं बी५. ही थेट अलापिन सिसिलियन आहे, म्हणजे २. सी३ मधून येणारी स्थिती. ३...डी५ ४. ई×डी५ व×डी५ ५. सी×डी४ हेसुद्धा अलापिनच, पांढऱ्याचं डी४ चं एकटं प्यादं. ३...जी६ ला ४. सी×डी४ आणि मध्य आपला. ३...डी३ ला ४. उं×डी३ किंवा सी४ करून डी५ वर पकड. मोरा खेळणाऱ्यानं तयारीतला निम्मा वेळ अलापिनला द्यायला हवा. बहुतेक जण तो देत नाहीत आणि मग 'यानं प्यादं घेतलंच नाही' म्हणून तिसऱ्या चालीलाच तोंड उतरतं.

तुकोगंज_काका (इंदूर)

ई५ वाल्या गँबिटांवर दोन शब्द. लष्करकरांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण डॅनिशबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, ते म्हणतो.

डॅनिशमध्ये १. ई४ ई५ २. डी४ ई×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. उं सी४ सी×बी२ ५. उं×बी२. दोन उंट जी७ आणि एफ७ कडे रोखलेले, बघायला फार छान. पण काळ्याला श्लेक्टरचा बचाव ठाऊक असेल तर: ५...डी५! ६. उं×डी५ घो एफ६ ७. उं×एफ७+ रा×एफ७ ८. व×डी८ उं बी४+ ९. व डी२ उं×डी२+ १०. घो×डी२. वजीर गेले, दोघांची पाच-पाच प्यादी, आणि वजिराच्या बाजूला काळ्याची तीन विरुद्ध तुमचं एक. हल्ला करायला बसलात आणि दहाव्या चालीला एंडगेम, तोही थोडा काळ्याच्या सोयीचा. ही ओळ पाठ करायला काळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मोठ्या डावात डॅनिश सोडा.

किंग्ज गँबिटवर माझा राग नाही. मार देल प्लाता इथं १९६० मध्ये स्पास्कीनं त्यानं फिशरला हरवलं आणि १९६१ मध्ये फिशरनं ३...डी६ हा तोड म्हणून लेखात मांडला. पण तुमच्या पातळीवर अडचण ३...डी६ ची नाही. ती १. ई४ ई५ २. एफ४ ई×एफ४ ३. घो एफ३ डी५! ४. ई×डी५ घो एफ६ याची आहे. काळा प्यादं परत द्यायला तयार आहे, त्याची मोहरी झटपट बाहेर येतात, आणि पांढऱ्याचं एफ प्यादं गेल्यानं ई१ ते एच४ हा तिरपा रस्ता कायमचा उघडा राहतो. आपला राजा उघडा आणि समोरच्याचा सुरक्षित, हा सौदा ९० मिनिटांत महाग पडतो.

त्यापेक्षा १. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं सी४ वर दोन्ही पाय ठेवा. ३...उं सी५ ला इव्हान्स, ३...घो एफ६ ला ४. डी४. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण ते छोटं आहे: ४. डी४ ई×डी४ ५. ई५ डी५! ६. उं बी५ घो ई४ ७. घो×डी४. प्यादं परत, मोहरी उघडी, दोघांनाही खेळ. यात सापळा नाही, पण खेळायला मोकळं आहे.

इव्हान्समध्ये १. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं सी४ उं सी५ ४. बी४ उं×बी४ ५. सी३. काळ्याचा उंट कुठं जातो त्यावर सगळं अवलंबून.

५...उं ए५ ६. डी४ डी६: इथं ७. ०-० ही हात सवयीनं करतो ती चाल. तिला ७...उं बी६! हा लास्करचा बचाव. ८. डी×ई५ डी×ई५ ९. व×डी८+ घो×डी८ १०. घो×ई५, प्यादं परत आलं, पण वजीर गेले आणि तुमची ए आणि सी ची प्यादी सुटी-सुटी. म्हणून ७. व बी३! एफ७ वर धमकी. काळ्यानं ७...व ई७? केलं तर ८. डी५, सी६ चा घोडा हलला की व ए४+ आणि ए५ चा उंट गेला. म्हणूनच काळ्याची चाल ७...व डी७, कारण तिथून वजीर ए४ राखतो. ८. डी×ई५ उं बी६ आणि पुढं ...घो ए५ येतंय, वजीर आणि उंट दोन्हींवर. त्याआधी ९. घो(बी)डी२ करून ठेवा, म्हणजे सी४ वर मारलं की घोड्यानं परत मारता येईल.

५...उं ए५ ६. डी४ ई×डी४: इथंही ७. व बी३ च. ७. ०-० ला ७...घो(जी)ई७ ८. सी×डी४ डी५! आणि काळा सुटतो.

५...उं ई७ ६. डी४ घो ए५ ७. उं ई२. उंट मागे घ्यायचा. १९९५ मध्ये रीगा इथं कास्पारोव्हनं आनंदविरुद्ध हेच खेळलं, ७...ई×डी४ ८. व×डी४ आणि २५ चालींत डाव संपवला. ८. व×डी४ ही चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. ८. सी×डी४ च्या मोहापेक्षा वजिरानं मारल्यानं जी७ वर दाब राहतो.

आणि न घेणारे आमच्यासारखे म्हातारे: ४...उं बी६. तिथं ५. बी५ करू नका, ५...घो ए५ होऊन तुमच्याच उंटावर येतं. ५. ए४, आणि काळ्यानं ५...ए६ केलं की ६. घो सी३, पुढं घो डी५. जागा तुमची जास्त, प्यादी सारखी. वैताग करायचं काही कारण नाही. गँबिट नाकारलं म्हणजे त्यानं तुम्हाला जागा दिली, ती घ्या.

रामबाग_ई४ (इंदूर)

काका, मांडवीकर, लष्करकर, मनापासून आभार. व बी३ आणि ए४ चा संबंध आजवर कुठंच असा स्पष्ट वाचला नव्हता.

दोन प्रश्न उरले. मोरामध्ये ५...ई६ ६. उं सी४ व सी७ ७. ०-० घो एफ६ अशी मांडणी समोर आली तर? ८. व ई२ ला ८...घो जी४ येतं आणि तिथून सगळं बिघडतं. आणि एंगलंड सोडलं तर डी४ ला काळ्याकडून काय?

मांडवी_६४ (वडोदरा)

ही सायबेरियन मांडणी, मोराविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध सापळा. ८. व ई२ घो जी४ ९. एच३?? घो डी४! आता वजिरावर घोडा आहे आणि १०. घो×डी४ ला १०...व एच२#. वजीर जातोच.

उपाय असा की ८. व ई२ करायचंच नाही. ८. घो बी५! व बी८ ९. ई५! वजीर बी८ वर कोपऱ्यात बसलाय, सी७ चं घर त्यालाच राखावं लागतंय आणि ए८ चा हत्ती त्याच्यामुळे बाहेर येत नाही. तीन फांद्या आहेत:

९...ए६ १०. ई×एफ६ ए×बी५ ११. एफ×जी७ उं×जी७ १२. उं×बी५. मोजा, प्यादी सारखी झाली आणि काळ्याचा राजा कॅसलिंग कुठं करणार?

९...घो जी४ १०. घो डी६+ उं×डी६ ११. ई×डी६. ते प्यादं व×डी६ नं घेता येत नाही, कारण डी१ वरून तुमचा वजीर मारतो. डी६ वर प्यादं बसलं की काळ्याचा सी८ चा उंट आणि बी८ चा वजीर दोन्ही घुसमटतात.

९...घो×ई५ १०. घो×ई५ व×ई५ ११. ह ई१. दोन प्यादी कमी, पण ११...व बी८ ला १२. व डी४ आणि पुढं उं एफ४. वजिराला सी७ सोडता येत नाही आणि एफ४ चा उंट त्यालाच मारायला येतोय. ही फांदी स्पर्धेआधी पटावर हातानं मांडून बघा, नुसती वाचू नका.

लष्करचा_उंट (ग्वाल्हेर)

डी४ ला दोन पर्याय, स्वभावाप्रमाणे निवडा.

बुडापेस्ट: १. डी४ घो एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घो जी४. याचं मोठेपण असं की प्यादं बहुतेक वेळा परत मिळतं. ४. उं एफ४ घो सी६ ५. घो एफ३ उं बी४+ ६. घो(बी)डी२ व ई७ ७. ए३ घो(जी)×ई५! आता ८. ए×बी४?? ला ८...घो डी३#, कारण ई२ चं प्यादं वजिरासमोर राजाला बांधलेलं आहे. पांढऱ्यानं बरोबर खेळलं, ८. घो×ई५ घो×ई५ ९. ई३ उं×डी२+ १०. व×डी२ डी६, तरी प्यादी सारखी. पांढऱ्याकडे दोन उंट आहेत, त्यामुळे तो किंचित बरा, पण तुम्ही काही गमावलेलं नाही. सापळा लागला तर लागला, नाही लागला तरी डाव उभा आहे.

बेन्को: १. डी४ घो एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५ ४. सी×बी५ ए६. प्यादं खरंच जातं. पण ए आणि बी या दोन फाइल काळ्यासाठी उघडतात, जी७ वरचा उंट बी२ कडे बघतो आणि पांढऱ्याची ए-बी प्यादी तीस-तीस चालीपर्यंत दाबली जातात. बाकीच्या गँबिटांत मोहरी कटली की देणाऱ्याचं नुकसान, इथं वजीर कटले तरी दाब राहतो. म्हणून हल्ल्याची घाई नको, हत्ती ए८ आणि बी८, वजीर ए५ किंवा बी६, घोडा डी७ मधून. शह शोधण्याची सवय असलेल्यांना पहिले काही डाव हे कंटाळवाणं वाटतं.

दोन्हींची एक मर्यादा: पांढऱ्यानं सी४ केलंच नाही, २. घो एफ३ किंवा लंडन (उं एफ४ ची मांडणी) मांडलं, तर ही गँबिटं पटावर येतच नाहीत. त्यासाठी ...डी५ आणि ...सी५ ची एक साधी ओळ वेगळी तयार ठेवा.

तुकोगंज_काका (इंदूर)

तयारीचं राहिलं होतं, तेवढं सांगतो.

प्रत्येक गँबिटासाठी वहीत एक पान. वर प्यादं घेतल्यानंतरची स्थिती. खाली चार ओळी: बदल्यात काय मिळालं, कोणत्या चालीपर्यंत ते वापरायचं, न घेतलं तर काय, आणि समोरच्यानं प्यादं परत दिलं तर काय. ही चौथी ओळ सगळे विसरतात. जाणता खेळाडू प्यादं धरून बसत नाही, योग्य वेळी परत देतो आणि तुमचा हल्ला तिथंच थांबतो. त्या वेळी तुम्ही वेगळाच डाव खेळायला तयार हवे.

मग त्या स्थितीतून सोबत्याबरोबर घड्याळ लावून खेळा, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. आधी स्वतः विचार, इंजिन (संगणकाचा बुद्धिबळ प्रोग्राम) त्यानंतर. इंजिन अर्धं प्यादं कमी दाखवत असेल तर घाबरायचं काही नाही, दीडच्या वर दाखवत असेल तर ती ओळ मोठ्या डावातून काढा.

आणि ९० + ३० मध्ये ओपनिंगच्या पहिल्या दहा चाली पाच मिनिटांत उरकू नका. ज्या चालीला पाठ केलेलं संपतं, तिथं थांबून दहा मिनिटं द्या. मोरामध्ये ती चाल बहुधा ह डी१ नंतरची असते, इव्हान्समध्ये काळ्यानं उंट कुठं नेला त्यानंतरची.